5 वर्षांचं लेकरू घरचं काहीच खात नाही, त्याला स्वयंपाकात सोबत घेतलं तर फरक पडतो का?

ताई, तुम्ही लिहिलं की मुलगा दूध-बिस्किट आणि दुकानातला पुडा सोडून काही खात नाही, अन् कोणीतरी सांगितलं की त्याला स्वयंपाकात घ्या. फरक पडतो. पण लय हळू पडतो, लगेच उद्या ताट साफ होईल असं धरून चालू नका.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, पोरगी साडेपाचची. बायको शिलाईचं काम करते, लग्नसराईत रात्रीपर्यंत मशीनवरच असते, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. मागच्या वर्षी ताटावर रोज रडारड, एक घास आजीचा एक घास बाबाचा, मग मोबाईल, मग धाक, आणि शेवटी उपाशी कशी झोपवायची म्हणून माझी आई कपभर दूध द्यायची. डॉक्टरांनी पहिले हेच विचारलं, दूध किती पिते? दुधानं पोट भरते, भूक मरते आणि दुधात लोह जवळपास नसतेच. मग दिवसाला दोन कप केलं, तेही जेवणाच्या तोंडावर नाही. हे आधी करा, नाहीतर भूकच नसलेलं लेकरू तुमच्यासोबत कितीही रांधो, खाणार काहून?

सुरुवात हिवाळ्यात झाली, हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायला तिला सोबत बसवलं. खा म्हणून कोणी म्हटलं नाही. सोलता सोलता दोन दाणे तोंडात गेले, मी पाहिलं नाही असं केलं. मग सांबार (कोथिंबीर) निसायला दिला, पीठ चाळायला दिलं.

खरी गोडी लागली ती गोळा भातानं. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, हळद, मीठ, नावापुरतं तिखट, ओवा, सांबार, तेलाचं मोहन, लागेल तेवढं पाणी, अन् गोळे वळायचं काम पूर्ण तिचं. वाकडे, लहान-मोठे, एक तर पार लिंबाएवढा. प्रत्येकावर अंगठा दाबून खड्डा केला. भात अर्धा शिजला की मी ते वरून ठेवले, झाकण घातलं, आच मंद केली (चुलीजवळचं काम मोठ्यानंच करावं बरं का). झाकण काढल्यावर ती दुरूनच ओरडली, "बाबा, हा माया गोळा होय!" आणि तो उचलून आजीच्या ताटात टाकला. स्वतः खाल्ला नाही. दुसऱ्या वेळेसही नाही. चौथ्या वेळेस एक फोडला, आतून पाहिला, वास घेतला, हिंग-मोहरीचं तेल टाकून मागितलं आणि अर्धा खाल्ला. आई "शाब्बास" म्हणायला गेली, तिला मी खुणेनं थांबवलं, कारण कौतुक झालं की आमचीचं लक्ष खाण्यावरून उडते.

2 ते 6 वर्षांत नवीन पदार्थाला घाबरणं हे बहुतेक लेकरांचं असतेच. एकच गोष्ट 8-10 वेळा, कधी 15 वेळा समोर आल्यावर ते चाखून पाहतात, अन् आपण तिसऱ्या वेळेला "याला आवडतच नाही" म्हणून सोडून देतो. सोलणं, वळणं, वास घेणं हेही त्या मोजणीत धरा, हाताला ओळख झालेली वस्तू तोंडाला कमी परकी वाटते. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा नियम आम्ही पाळतो: काय, कधी, कुठं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही अन् किती खायचं हे लेकरानं. आईला हे पटायला दोन महिने लागले. त्याच्या ताटात एक ओळखीची गोष्ट नेहमी ठेवा, साधा वरण-भात म्हणा, म्हणजे उपाशी उठणार नाही. पुडा घरात आणूनच ठेवू नका, समोर ठेवून नाही म्हणणं हा त्या जीवावर अन्याय आहे.

एक सांगतो, मुलाचं वजन वाढत नसेल, घास गिळताना ठसका लागत असेल, किंवा खायच्या गोष्टी कमी कमी होत चालल्या असतील तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत वजनाची नोंद असते, ती सोबत न्या.

आमची अजून वांगं खात नाही. भरताचं भाजलेलं वांगं थंड झालं की साल मात्र तीच काढते, आतापर्यंत सहा-सात वेळा झालं असेल, आणि मग हात धुऊन टाकते.