तयार केस ब्रीफवर विसंबावे का?

प्रश्न : मी साताऱ्यातील विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षात शिकते. कोरेगावहून रोज एस.टी.ने ये-जा करावी लागत असल्याने पूर्ण निकालपत्रे वाचण्याइतका वेळ उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या केस ब्रीफच्या, म्हणजे निकालपत्रांच्या संक्षिप्त सारांशांच्या, पुस्तिकांवर अभ्यास केला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : पुस्तिका जरूर वापरा, परंतु शक्यतो मूळ निकालपत्र वाचून, स्वतःचे पानभर टिपण काढून झाल्यावरच ती उघडा. कारण अशा पुस्तिकेत निकाल काय लागला हे चोख दिलेले असते, मात्र तो तसा का लागला, हे बहुधा एखाद्या ओळीत उरकलेले असते.

करार कायद्यातील लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा १९१३ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निर्णय पाहा. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला, त्याच्या शोधासाठी मुनीम लालमनला हरिद्वारला पाठवले आणि तो गेल्यानंतर मालकाने ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. मुलगा सापडला, पण लालमनचा बक्षिसाचा दावा फेटाळला गेला. ‘प्रस्ताव माहीत नसेल तर स्वीकृती होत नाही’ एवढे सूत्र पुस्तिका देते आणि ते बरोबरच आहे. निकालपत्रात मात्र आणखी एक आधार आहे : मुलाला शोधणे हे लालमनने नोकर या नात्याने आधीच पत्करलेले काम होते. आता परीक्षेत वस्तुस्थिती बदलून विचारले, की नोकराला बक्षिसाची बातमी शोध चालू असतानाच कळली, तर केवळ सूत्र पाठ केलेली विद्यार्थिनी अडखळेल. दोन्ही आधार वाचलेली विद्यार्थिनी त्यांचा स्वतंत्रपणे विचार करू शकेल. समस्याप्रधान प्रश्नांत गुण मिळतात ते याच विवेचनाला.

हेडनोटबाबतही, म्हणजे निकालपत्राच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशाबाबतही, सावध राहावे, कारण ती संपादकाने तयार केलेली असते, न्यायालयाच्या निर्णयाचा भाग नसते. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्यामुळे निर्णयाचा बंधनकारक आधार कोणता आणि न्यायमूर्तींचे प्रासंगिक, म्हणजे निकालासाठी आवश्यक नसलेले, मत कोणते, हे मूळ मजकुरातूनच ओळखण्याची सवय लावून घ्यावी. त्यासाठी खर्चही नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सातारा जिल्हाही त्याच्या कक्षेत आहे. तेथे युक्तिवाद करायचा झाल्यास पुस्तिका पुढे करता येणार नाही.

वेळेची अडचण खरी आहे, म्हणून सगळीच निकालपत्रे पूर्ण वाचण्याचा अट्टहास धरू नका. वर्गात ज्यांवर सविस्तर चर्चा होते ती मुळातून वाचा आणि बाकीच्यांसाठी पुस्तिका पुरे. एसटीतला वेळ स्वतःची टिपणे उजळण्यासाठी ठेवा. एका ठिकाणी मात्र क्रम उलटा करावा : संविधानाच्या मूलभूत चौकटीबाबतच्या केशवानंद भारती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे १३ न्यायमूर्ती, ११ स्वतंत्र निकालपत्रे आणि ७ विरुद्ध ६ असे बहुमत असल्याने तेथे आधी ब्रीफ वाचून कोणी काय म्हटले याचा आराखडा समजून घ्यावा, आणि मग न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे निकालपत्र तरी मुळातून वाचावे.