लहान मुलांची खेळाच्या कोचिंगची बॅच पहिल्यांदाच घेताय? आधी एवढं बघा

8 ते 13 वयाची बॅच म्हणजे मजा आहे, आणि डोक्याला तापही आहे. पिरियडायझेशन (वर्षभराच्या सरावाचे टप्पे पाडणं), हार्ट रेट झोन (हृदयाच्या ठोक्यांवरून सरावाचा जोर ठरवणं) वगैरे सध्या बाजूला ठेवा, त्याला वेळ आहे.

नवीन कोच लोकांची सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फक्त जन्मतारीख बघून गट पाडणं. 12 वर्षांची दोन मुलं शरीराने तीन-चार वर्षं मागेपुढे असू शकतात, आणि आपण आधी वाढलेल्यालाच टॅलेंटेड म्हणून मोकळे होतो. दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. मुलींची उंची साधारण 12 आणि मुलग्यांची 14 च्या आसपास झपाट्याने वाढते, तेव्हा कालपर्यंत मस्त पळणारं पोरगं अचानक धडपडायला लागतं, हातपाय लांब झालेत पण अंदाज अजून जुनाच, त्याला आळशी म्हणू नका हां. त्या काळात उड्या नि स्प्रिंट कमी करा, आणि गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणाला तर 'काही होत नाही, पळ' अजिबात नको.

बाकी थोडक्यात:
- दहाच्या आतल्यांना एका वेळी एकच सूचना. रांगेत उभं करू नका, खेळवा.
- आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, शिवाय एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी.
- लवकर एकाच खेळाला जुंपू नका, पालक कितीही मागे लागले तरी.

मॅच हरल्या हरल्या चुका काढत बसू नका, दुसऱ्या दिवशी सांगा. पहिले दोन महिने असंच चालवा, मग वेट ट्रेनिंगचं विचारा.