सिंहगडाच्या लढाईवरचं कोणतं पुस्तक संदर्भ म्हणून धरावं?

तुमचा प्रश्न असा की, कॉलेजच्या प्रकल्पासाठी एक कादंबरी, एक बखर आणि एक संशोधनाचा ग्रंथ जमवलाय. सरांना 'विश्वसनीय संदर्भ' हवेत, ते ओळखायचे कसे? इतिहासात एम.ए. करताना मीही इथेच अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकाची जाडी किंवा लेखकाच्या नावामागचं 'डॉ.' बघून ठरवू नका. एकच वाक्य पकडा आणि ते कुठून आलं ते शोधत जा. समजा, तानाजी पडल्यावर शिवाजी महाराज 'गड आला पण सिंह गेला' म्हणाले आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. हे आपण शाळेपासून ऐकतो. लढाई १६७० ची. पण महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच या किल्ल्याला सिंहगड म्हटलंय! नाव लढाईच्या सात वर्षं आधीचं. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत महाराजांचे उद्गार आहेत ते एक गड घेतला परंतु एक गड गेला, असे. त्यात सिंह नाही. सिंहाचं वाक्य घरोघरी पोचलं त्यात हरी नारायण आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा मोठा वाटा आहे.

संशोधनाच्या ग्रंथात हे पत्र कोणत्या तारखेचं, कुठे छापलंय, हे तळटीपेत सापडतं. कादंबरीत सापडणार नाही, आणि कादंबरीकाराने ते द्यायला हवं असंही नाही. तानाजीच्या मनात त्या रात्री काय चाललं होतं हे पानभर लिहिलेलं दिसलं, की ते कल्पनेतून आलंय हे समजून घ्या.

खरा घोळ बखरीपाशी होतो. जुनी म्हणजे प्रमाण, असं वाटतं. पण बखर हे साधन आहे, त्या साधनाचा अभ्यास नव्हे. शिवाय सगळ्या बखरी एका तोलाच्या नसतात. सभासदाने आपली बखर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यावर, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे महाराज गेल्यावर सुमारे एकशेतीस वर्षांनंतरची. दोघांच्या शब्दाला सारखं वजन देता येत नाही. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्टच घ्या: सभासदाकडे मावळे वानरांसारखे कडा चढतात, घोरपड भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात.

तळटीप दिसली की लगेच विश्वास टाकू नका, ती उघडून बघा. मी एका भरगच्च टिपांच्या पुस्तकात एका प्रसंगाची टीप शोधत गेलो, ती दुसऱ्या पुस्तकाकडे गेली, तिथून तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यात आधारच नव्हता. चांगला अभ्यासक 'असावे', 'पुरावा मिळत नाही' असं मोकळेपणाने लिहितो आणि आपल्या मताविरुद्ध जाणारी कागदपत्रंही दाखवतो. मला अशी पुस्तकं वाचताना फार आनंद होतो, कारण त्यांच्याशी भांडता येतं.

तेव्हा प्रकल्पात संदर्भ संशोधनग्रंथाचा द्या, सभासदाचा उतारा मूळ साधन म्हणून द्या, आणि कादंबरी ठेवायचीच असेल तर 'ही कथा लोकांत कशी रुजली' या भागात ठेवा. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात जा आणि त्यांच्या त्रैमासिकाचे जुने अंक मागा. एक दुपार पुरेल.