जपानी हसण्यातलं गवत

प्रश्न असा: जपानी मित्राला विनोद पाठवला, त्यावर उत्तरात एकच कांजी (जपानीत वापरतात ते चिनी चित्राक्षर) आली, 'कुसा', म्हणजे गवत. विनोद फसला का?

मुळीच नाही, मित्राला हसू आलंय. जपानीत हसणं म्हणजे 'वाराउ'. छापील मुलाखतीत बोलणारा हसला की तिथे कंसात हसण्याची कांजी टाकतात. संगणकावर ती कांजी आणायची तर आधी रोमन अक्षरं टंकायची, मग रूपांतर करायचं. गप्पांच्या ओघात एवढी सवड कुणाला? म्हणून 'वाराउ'चा पहिला डब्ल्यू तेवढा उरला. जास्त हसू आलं की चार-पाच डब्ल्यू ओळीनं. आता ती ओळ डोळ्यांपुढे आणा: वर आलेली टोकं म्हणजे गवताची पातीच! त्यावरून 'कुसा हाएरु', गवत उगवलं. पुढे नुसतं 'कुसा'. हसू अनावर झालं तर 'दाइसोगेन', अफाट गवताळ माळ. तोंडातला शब्द अक्षर झाला, अक्षराचं चित्र झालं आणि चित्र पुन्हा शब्द होऊन तोंडात आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. (शिक्षकांना किंवा साहेबांना मात्र 'कुसा' लिहू नये.)

असे खेळ आणखीही आहेत. 'नि-चान्नेरु' हे इंटरनेटवरचं जपानी चर्चास्थळ १९९९ साली सुरू झालं. तिथे 'यात्सु', म्हणजे 'तो गडी', याचा 'याशि' झाला, कारण काताकाना या जपानी उच्चारलिपीतली 'त्सु' आणि 'शि' ही अक्षरं दिसायला जुळ्या बहिणी. फरक रेघांच्या कलाचा. मग जत्रेतल्या फेरीवाल्याला 'याशि' म्हणतात, त्या शब्दाच्या तीन कांजी उचलून इथे बसवल्या. 'कामी', म्हणजे देव, ही कांजी तर उभी चिरून दोन अक्षरांत लिहितात.

याला भाषेची मोडतोड म्हणणं मला साफ नामंजूर आहे. आठव्या शतकातला 'मान्योशू' हा काव्यसंग्रह बघा. काना, म्हणजे जपानीची उच्चारलिपी, तेव्हा घडायची होती, सगळी भिस्त चिनी अक्षरांवर. त्यात 'कुकु' हे उच्चार लिहायला ८१ चा आकडा वापरलाय, कारण 'कु' म्हणजे नऊ आणि नऊ नवे एक्क्याऐंशी. 'शिशि', म्हणजे शिकारीचं जनावर, यासाठी १६: चार चोक सोळा. कविता वाचायला पाढे पाठ हवेत! एका कवितेत तर 'इदे', म्हणजे बाहेर येणं, यासाठी चक्क पाच अक्षरं आहेत: 'डोंगरावर पुन्हा डोंगर आहे'. बाहेर येण्याची कांजी एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखी दिसते ना, म्हणून.