मालिकावीराचा करंडक अजून कपाटातच

(सदर : शिट्टी. प्रश्न वाचकांचे, उत्तरं एका निवृत्त फुटबॉल पंचाची.)

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो, 'जास्त गोल करणारा तोच सर्वांत मोलाचा, असं काही नसतं.' त्या एका ओळीवर सतरा पत्रं आली. ऑफसाइडचा नियम दोन पानं खर्चून समजावला होता, तेव्हा दोन आली होती आणि त्यातलं एक वर्गणी संपल्याचं होतं. असो. सतरातली चार घेतो.

आमच्या मंडळाने मे महिन्यात टर्फवर फाइव्ह-अ-साइड स्पर्धा घेतली. आठ संघ, दोन गट. एका मुलाने एकट्याने अकरा गोल मारले, पण त्याचा संघ सेमीफायनलला हरला. जिंकलेल्या संघाच्या गोलीने फायनलच्या टायब्रेकरमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. मालिकावीर कोण, यावरून कमिटीत दोन तट पडले. बक्षीस समारंभात 'नाव नंतर जाहीर करू' म्हणून वेळ मारून नेली. करंडक मंडळाच्या कपाटात आहे. आता गणपतीच्या वर्गणीला दारोदार जायचंय आणि दोन्ही पोरांचे वडील जिन्यात गाठून विचारतात. काय करावं?
— एक कार्यकर्ता, करी रोड

आधी त्या दोन घरांची वर्गणी घेऊन टाका.

आता खेळाचं बोलू. तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. मालिकावीर कशावरून ठरवायचा, हे स्पर्धेआधी ठरलं होतं का? नसणारच. चेंडू कुठल्या कंपनीचा, स्टडचे बूट चालतील का, प्रवेश फी किती, पंचांना नाश्त्याला काय, हे सगळं आठवडाभर बसून ठरतं. करंडकही दादरहून येतो. तो द्यायचा कशासाठी, एवढंच राहतं. तुम्हाला काय बोलू, मी स्वतः हेच केलंय, आणि तुमच्यापेक्षा वाईट केलंय.

१९८७ची गोष्ट. परळच्या एका मैदानावर स्पर्धा होती, मी निवड समितीच्या तिघांत होतो. करंडकाच्या पितळी पट्टीवर नाव कोरून हवं असेल तर सकाळी अकराच्या आत द्या, असं लालबागच्या कोरीवकामवाल्याने बजावलं होतं. फायनल दुपारी चारला. आम्ही साडेदहाला एका सेंटर फॉरवर्डचं नाव देऊन मोकळे झालो. पोरगा होताच तसा, सेमीफायनलला तीन गोल मारलेले. दुपारी त्याच पोराने एक पेनल्टी मैदानाच्या भिंतीवरून पलीकडच्या गल्लीत धाडली आणि उरलेला वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

समोरच्या संघाचा गोली संपात गिरणी सुटलेला कामगार होता. तेव्हा तो भाजीच्या बाजारात पोती उचलायचा. हातमोजे नव्हते, बोटांना इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळलेली. सामना शून्य-शून्य. टायब्रेकरला त्याने तीन अडवल्या. तिसरी अडवल्यावर टेप सुटून लोंबत होती, ती त्याने दातांनी तोडली आणि मातीत थुंकला. ते मला अजून दिसतं.

मग बक्षीस समारंभ. आम्ही पट्टीवरचं नाव पुकारलं. आधी कुणी काहीच बोललं नाही, मग भिंतीवर बसलेल्या पोरांनी जो गलका केला तो विचारू नका. घाईघाईत लकी ड्रॉमधला एक थर्मास उचलला आणि 'विशेष पारितोषिक' म्हणून गोलीच्या हातात दिला. त्याने झाकण उघडून आत वास घेतला आणि मला विचारलं, "साहेब, यात चहा किती वेळ गरम राहतो?" मी म्हटलं, सहा तास. मला काय माहीत!

पंधरा वर्षांनी, २००२च्या वर्ल्ड कपला, फिफानेही आमचीच री ओढली. गोल्डन बॉलची, म्हणजे त्यांच्या मालिकावीराची, मतं फायनलच्या आधीच घेतली गेली आणि जर्मनीच्या ऑलिव्हर कानला मिळाली. योकोहामाच्या फायनलला ब्राझीलच्या रिवाल्डोचा साधा फटका त्याच्या हातून सुटला आणि रोनाल्डोने तो आत ढकलला. ब्राझील २-०. वर्ल्ड कपमध्ये गोल्डन बॉल मिळालेला आजवरचा एकमेव गोलरक्षक कान, आणि बहुतेकांना त्याचा तो सुटलेला चेंडूच आठवतो. तेव्हा नाव शेवटची शिट्टी वाजल्यावरच ठरवायचं. तुम्ही ते लांबवलंत ही चूक नाही, उलट शहाणपण आहे. फक्त तीन महिने जरा जास्त झाले.

आता तुमचे दोन तट. पहिला म्हणत असेल, सेमीफायनलला हरलेल्याला कसा द्यायचा? खुशाल द्या. १९९८ ते २०१८ या सहा वर्ल्ड कपमध्ये गोल्डन बॉल एकदाही विजेत्या संघात गेला नाही. २०१०ला तर उरुग्वे चौथा आला आणि बक्षीस त्यांच्या दिएगो फोर्लानला मिळालं. दुसरा तट म्हणत असेल, अकरा गोल म्हणजे चर्चाच संपली. तीही संपत नाही. २०१७चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. स्पेन आणि मालीची सेमीफायनल मी नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये बसून पाहिली. त्या स्पर्धेत इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने आठ गोल केले, क्वार्टरफायनल आणि सेमीफायनलला लागोपाठ हॅटट्रिक. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याला मिळाला. गोल्डन बॉल मात्र त्याच्याच संघातल्या फिल फोडेनला. आठ गोलवाला पोरगा त्यावर रुसून बसल्याचं मी तरी ऐकलं नाही.

म्हणजे पहिलं काम, बक्षिसं दोन करा. जास्त गोलांचं वेगळं, मोलाच्या खेळाडूचं वेगळं. दुसरा करंडक चार-पाचशेत येतो.

मोलाचा कोण, यासाठी माझी एक जुनी रीत आहे. माणूस संघातून काढून बघायचा. डोळे मिटा, त्या अकरा गोलवाल्याला बाकावर बसवा आणि त्याचे चार सामने पुन्हा खेळवा. अकरातले सहा गोल गटातल्या सगळ्यांत लेच्यापेच्या संघावर असतील, तर तो सामना त्याच्याशिवायही जिंकलाच असता. ते सहा माझ्या वहीत एकच. मग गोलीलाही तसाच बसवा. त्याने फक्त शेवटच्या पाच मिनिटांत दोन अडवल्या, की पाचही सामने राखले? टायब्रेकरची पुण्याई फार मोजू नका, त्यात अर्धा अंदाज असतो. मीही चूक सुधारायच्या भरात टायब्रेकरवालाच हिरो करत आलोय, हे तुम्हाला वरच्या गोष्टीत दिसलंच असेल.

आणि हे डोळे मिटायचं काम कमिटीने करायचं नाही. आठही कप्तानांना बोलवा, चहा पाजा, चिठ्ठ्या द्या. अट एकच, स्वतःच्या संघातल्या कुणाला मत नाही. ज्याच्यासमोर खेळताना पोटात गोळा येत होता, त्याचं नाव कप्तान बरोबर लिहितात. वडिलांना काय सांगायचं तेही सुटतं : "आम्ही नाही हो, पोरांनीच ठरवलं."

सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये आमचा सहाजणांचा ग्रुप आहे. २०२४चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला दिला, रेआल माद्रिदच्या विनिशियसला नाही, यावरून अजून वाजतं. भांडुपपर्यंत आवाज इतका चढतो की भजनी मंडळाचे टाळ ऐकू येत नाहीत. तुम्ही कुणाला दिला असता?
— एक प्रवासी, डोंबिवली पूर्व

२०२५चा डेम्बेले घेऊन गेला, तरी तुम्ही अजून २०२४वर! हे मला आवडलं. भांडण टिकाऊ असावं.

पहिली गोष्ट, मत तुम्हालाही नव्हतं आणि मलाही नव्हतं. फिफा क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांतला एकेक पत्रकार मत देतो, आणि २०२४ला आपण त्या शंभराच्या बाहेर होतो. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, असं उतरत दहाव्याला एक. रॉड्रीला ११७० मिळाले, विनिशियसला ११२९. फरक ४१. इतकं थोडक्यात गेलं म्हणून भांडण विझत नाही. त्यात रेआल माद्रिदवाल्यांनी समारंभावरच बहिष्कार घातला. आमच्या लग्नात मानपानावरून असंच एक काका मंडपाबाहेर बसले होते, जेवायला मात्र आले. माद्रिदवाले तेवढेही आले नाहीत.

मी रॉड्रीला दिला असता. पुन्हा तीच रीत. फेब्रुवारी २०२३ ते मे २०२४, रॉड्री खेळला असे सलग ७४ सामने मँचेस्टर सिटी हरली नाही, टायब्रेकर सोडून. सप्टेंबर २०२४मध्ये आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. पॅरिसला बक्षीस घ्यायला तो कुबड्या घेऊन गेला, आणि इकडे चार वर्षं लागोपाठ प्रीमियर लीग जिंकलेली सिटी नोव्हेंबरमध्ये सामन्यामागून सामना हरायला लागली. हंगाम संपला तेव्हा तिसरी. ही दुखापत बक्षिसाच्या हंगामानंतरची, म्हणून मतांत ती धरता येत नाही, हे तुमच्यातला विनिशियसवाला लगेच म्हणेल. बरोबर आहे त्याचं. पण मी पत्रकार नाही, मला धरता येते.

तुमच्यातल्या विनिशियसवाल्याला मी आणखी एक हत्यार देतो, कारण ते त्याने अजून काढलेलं दिसत नाही. युरो २०२४च्या फायनलला स्पेनकडून खेळणारा रॉड्री दुखावला आणि हाफटाइमला बाहेर बसला. तेव्हा स्कोअर शून्य-शून्य होता. स्पेनने दोन्ही गोल त्यानंतर केले आणि इंग्लंडला २-१ हरवलं. म्हणजे माणूस काढून बघितला, आणि संघ जिंकला! माझ्या रीतीला हे भोक आहे, आणि ते मला बुजवता आलेलं नाही. स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून तरी रॉड्रीच पुकारला. उलट बाजूला विनिशियसने त्याच वर्षी वेम्बलीला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये गोल मारला होता. कोपा अमेरिकेत मात्र त्याचं ब्राझील उरुग्वेकडून हरलं तेव्हा तो कार्डांमुळे बाहेर होता.

उद्या गाडीत हे सांगा आणि घाटकोपरला उतरून जा.

मेस्सी की रोनाल्डो?
— वसई, सायन, आणि एकाने पत्ता लिहिलेला नाही

बॅलन डी'ओर मेस्सीचे आठ, रोनाल्डोचे (हा पोर्तुगालचा, वरचा ब्राझीलवाला नव्हे) पाच. हा हिशेब झाला. मत विचाराल तर आमच्या घरात मुलगा एका बाजूला आहे, सून दुसऱ्या, आणि मला दोघांच्याच घरात राहायचंय.

मी नववीत आहे आणि शाळेच्या संघात डिफेन्सला खेळते. आंतरशालेय स्पर्धेत आम्ही फक्त एक गोल खाल्ला, पण बेस्ट प्लेअर फॉरवर्डला मिळाला. सर म्हणाले, नेहमी फॉरवर्डच असते, मनाला लावून घेऊ नकोस. हे खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, विक्रोळी

बाळ, आकड्यांत सर बरेचसे बरोबर आहेत. बॅलन डी'ओर १९५६पासून देतात. पुरुषांत एवढ्या वर्षांत गोलरक्षक एकच, १९६३ला लेव याशिन. बचावपटू म्हणावेत असे बेकेनबावर, झामर आणि २००६चा कॅनाव्हारो. एका हाताच्या बोटांवर संपले.

पण 'नेहमी' हा शब्द सरांनी मागे घ्यायला हवा. तुझ्या घरापासून खाडी ओलांडली की नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ६ फेब्रुवारी २०२२ला महिला आशियाई कपची फायनल झाली, मी ती टीव्हीवर पाहिली. हाफटाइमला दक्षिण कोरिया दोन गोलांनी पुढे होती. चीन तीन-दोनने जिंकला, तिसरा गोल भरपाईच्या वेळेत. त्या स्पर्धेत सर्वाधिक सात गोल ऑस्ट्रेलियाच्या सॅम करचे. 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' मात्र चीनची कप्तान वांग शानशान. गोल तिनेही केले, पुण्याच्या सेमीफायनलला जपानविरुद्ध ११९व्या मिनिटाचा तर तिचाच. पण गरज पडली की तीच मागे येऊन बचावात उभी राहायची. एकाच खेळाडूची दोन कामं. तिची जुनी क्लिप मिळाली तर चेंडू सोडून फक्त तिच्या पायांकडे बघ.

तुमच्याकडे अडचण अशी आहे की फॉरवर्डचं काम फळ्यावर लिहिलं जातं आणि तुझं कुठेच लिहिलं जात नाही. पुढच्या सामन्याला बाकावरच्या मैत्रिणीकडे एक वही दे. तू किती वेळा चेंडू काढून घेतलास, किती वेळा आडवी आलीस, आणि काढून घेतलेला चेंडू आपल्याच मुलीला दिलास की नुसता बाहेर मारलास, याच्या तीन रेघोट्या तिने मारायच्या. तिसरी रेघ खोटी मारायची नाही, मी पंच होतो, मला कळतं.

तीन सामने झाले की वहीची पानं इथल्या पत्त्यावर पाठव. तोवर सरांना दाखवू नकोस.