तिसऱ्या वाढदिवसाआधी फोन कर

न्यू जर्सीहून एका आईचा मेल आलाय. मुलगा 2 वर्षं 8 महिन्यांचा, हाक मारली तर बघत नाही, तीन-चार शब्द होते तेही गेले. सासूबाई म्हणतात याचा बाबा पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, धीर धर. ऑटिझम आहे का बघायला स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळालीय सात महिन्यांनंतरची, तोपर्यंत काय करू?

अगं, तोपर्यंत थांबायचंच नाही. आलेले शब्द जाणं हे "उशिरा बोलेल" मध्ये बसत नाही. सासूबाईंशी वाद नको घालूस, त्या काळजीपोटीच बोलतायत, तू फक्त अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी राज्य चालवतं त्या सेवेला, फोन कर. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईने फोन केला तरी चालतो, तपासणी फुकट असते (पुढच्या थेरपीला मात्र न्यू जर्सीत उत्पन्न बघून थोडे पैसे घेतात) आणि फोनपासून 45 दिवसांत तपासणी होऊन पहिली मीटिंग व्हायला पाहिजे असा नियम आहे. पण हे सगळं तीन वर्षांपर्यंतच, म्हणजे तुझ्याकडे चारच महिने आहेत, नंतर मूल स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्यांकडे जातं. म्हणून याच आठवड्यात डिस्ट्रिक्टला पण तपासणीसाठी लेखी रिक्वेस्ट टाक. लेखीच हं, फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. पत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत, शाळेच्या सुट्ट्या सोडून (उन्हाळ्याची सुट्टी मात्र धरून), चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या तपासणी करणाऱ्या लोकांनी, तुमच्याबरोबर मीटिंग घ्यायची असते. तुमच्या सात महिन्यांनंतरच्या अपॉइंटमेंटसाठी शाळा अडून बसू शकत नाही.

स्पेशालिस्टचं ते निदान लागतं इन्शुरन्सला, एबीए (ऑटिझमसाठीची वर्तन थेरपी) वगैरेसाठी. इथे आपली आयटीवाली मंडळी हमखास फसतात. ऑटिझमचे उपचार कव्हर करायचा राज्याचा कायदा आहे ना, मग कव्हर होणारच असं धरून चालतात, पण मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बऱ्याचदा सेल्फ फंडेड असतात, म्हणजे उपचाराचे पैसे कंपनी स्वतःच भरते, आणि त्यांना राज्याचा कायदा लागू होत नाही. नवऱ्याला एचआरला एवढंच विचारायला सांग की प्लॅन सेल्फ फंडेड आहे का आणि ऑटिझमचं काय काय कव्हर होतं. ओपन एन्रोलमेंटच्या, म्हणजे वर्षातून एकदा प्लॅन बदलता येतो त्या दिवसांच्या, आधी.

आता भाषेचं, कारण तू शेवटी विचारलंयस की मराठी बंद करू का. आमचा मुलगाही ऑटिस्टिक, आम्हाला एका थेरपिस्टने सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश. आम्ही दहा महिने ऐकलं. सांगलीची आजी व्हिडिओ कॉलवर "गुड मॉर्निंग बेटा" म्हणायची आणि मग गप्प बसायची, तिला पुढचं येत नव्हतं. आणि मी, जिची बडबड थांबत नाही, पोराशी बोलेनाशीच झाले, कारण रागवायचं, लाडात यायचं, आंघोळ घालताना काहीबाही गुणगुणायचं हे मला इंग्लिशमध्ये जमतच नाही. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही हे मला फार उशिरा कळलं. मग टॅबलेटवर, बटण दाबलं की शब्द बोलणाऱ्या अ‍ॅपमध्ये, आमच्याच फ्रिजमधल्या दह्याच्या पातेल्याचा फोटो टाकला, माझ्या आवाजात "दही" भरलं. पहिल्या दिवशी कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ते बटण सतत चालू होतं, दही दही दही, आणि मी वाटीवर वाटी भरत होते. टॅबलेट दिला तर तोंडाने बोलणारच नाही असं लोक घाबरवतील, तेही खरं नाही.

थेरपीची जागा निवडताना ब्रोशर बघू नकोस, तासभर बसून बघ. आईबाबांना आत बसू देत नसतील तर तिथूनच परत ये. मूल रडतंय आणि तरी "लुक अ‍ॅट मी" चालू आहे, हात हलवतो म्हणून हात धरून ठेवतायत, अशी जागा मला नको वाटते, मग तास कितीही फुल कव्हर होत असोत. एबीएत रोज मुलाबरोबर बसणार आरबीटी (थेरपी देणारा टेक्निशियन), पण प्लॅन बनवतो बीसीबीए (त्याच्या वरचा तज्ज्ञ), तर हा बीसीबीए आठवड्याला किती वेळ प्रत्यक्ष मुलाला बघतो ते विचार. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमायला मदत करणारी) वेगळे मागून घे. आणि फॅमिली ग्रुपवर स्टेम सेल, किलेशन (औषध देऊन शरीरातले धातू काढणं), सहा महिन्यांत बरा असले व्हिडिओ येतील, ते डिलीट. किलेशनमध्ये 2005 मध्ये पेनसिल्वेनियात एक मूल दगावलंय.

आयईपी मीटिंगला, म्हणजे मुलाला शाळेत काय मदत मिळणार ते लिहून ठरवतात त्या मीटिंगला, नवऱ्याला घेऊन जा. समोर पाच-सहा जण भराभर बोलतात, एकाने ऐकायचं, एकाने लिहायचं, दुभाषी हवा असेल तर आधी कळव, तो हक्क आहे. तिथल्या तिथे सही नाही केली तरी चालतं. कागद घरी आण, पोरगं झोपल्यावर वाच.