बेसबॉलमधली शटआऊट म्हणजे एकट्या पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) कमाल असते का? सीझनच्या शेवटी तिचं एवढं कौतुक का करतात?

एकट्याची नसते, पण रेकॉर्डला नाव त्याचंच लागतं.

आधी बेसिक सांगतो. समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये शून्य रन म्हणजे शटआऊट. हिट बसले तरी चालतं, वॉक (चार खराब बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा फर्स्ट बेस) दिला तरी चालतं, गडी थर्ड बेसपर्यंत जाऊन उभा राहिला तरी चालतं, फक्त होम प्लेटला (तिथे पोचलं की रन होतो) कोणी पोचायचं नाही. (बरेच जण नो-हिटरशी गल्लत करतात, त्यात एकही हिट बसू द्यायचा नसतो, ते प्रकरण वेगळं.) आणि पिचरच्या खात्यात शटआऊट लागायची तर पूर्ण मॅच (एरवी ९ इनिंग) त्यानेच टाकायला लागते, तीन-चार जणांनी वाटून शून्य ठेवलं तर ते टीमचं. हल्ली शंभरेक पिच झाले की मॅनेजर बॉल काढूनच घेतो, त्यामुळे एकट्याने केलेली शटआऊट फार कमी बघायला मिळते.

माझं आवडतं उदाहरण लॉस एंजेलिस डॉजर्सचा ऑरेल हर्शायझर, सप्टेंबर १९८८. पठ्ठ्याने त्या एका महिन्यात लागोपाठ पाच शटआऊट टाकल्या, त्यातल्या दोन १-० अशा, म्हणजे एक रन गेला असता तरी मॅच बरोबरीत. तेव्हा वाइल्ड कार्ड (गटात पहिलं न येताही पुढे जायची संधी) वगैरे नव्हतं, डिव्हिजन म्हणजे आपला गट जिंका नाहीतर घरी बसा. एप्रिलपासून १६२ मॅचचं रगाडं, सप्टेंबरपर्यंत खांद्याचा पार भुगा झालेला असतो, आणि नेमकं तेव्हाच हा माणूस मेडनवर मेडन टाकत सुटलाय असं समजा.

आता २३ सप्टेंबरची मॅच बघा, सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्सशी, पाचवी शटआऊट. तिसऱ्या इनिंगमध्ये एक आऊट, थर्डवर होसे उरिबे, फर्स्टवर ब्रेट बटलर. अर्नेस्ट राइल्सने ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) मारला, डॉजर्सचा सेकंड बेसमन सॅक्सने बॉल सेकंड बेसवर शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फिल्डर) ग्रिफिनला दिला, बटलर आऊट, पण ग्रिफिनचा थ्रो फर्स्टला जमला नाही आणि राइल्स वाचला, तोवर उरिबे होम प्लेटवर. झालं, रन आला, चाळीसच्या वर इनिंगची शून्याची माळ तुटली असंच सगळ्यांना वाटलं. आणि अंपायर पॉल रंगने हात वर केला! बटलर स्लाइड करताना लाइन सोडून ग्रिफिनच्या अंगावर गेला, म्हणजे इंटरफिअरन्स (फिल्डरला अडथळा), म्हणून राइल्सही आऊट, तीन आऊट पूर्ण, इनिंग संपली, रन रद्द. जायंट्सवाले भडकणारच ना. पुढे डॉजर्सच्या मिकी हॅचरने तीन रनचा होमर (बॉल थेट मैदानाबाहेर) मारला आणि डॉजर्स ३-० ने जिंकले.

गंमत म्हणजे लागोपाठ शून्य रनच्या इनिंगचा ज्याचा रेकॉर्ड मोडायचा होता त्या डॉजर्सच्याच जुन्या पिचर डॉन ड्रायस्डेललाही १९६८ मध्ये पाचव्याच शटआऊटला, जायंट्सच्याच विरुद्ध, अंपायरच्या असल्याच निर्णयाने वाचवलं होतं. जायंट्सच्या फॅनसमोर हा विषय काढू नका राव.

पण नशीब, नशीब म्हणून हर्शायझरला हिणवण्यात अर्थ नाही. त्याचं मुख्य हत्यार सिंकर, बॅटजवळ येता येता बॉल खाली बसतो, बॅटर बॉलच्या वरच्या भागावर मारतो आणि बॉल जमिनीवरून सरपटत इनफिल्डकडे जातो. म्हणजे त्याची पद्धतच फिल्डरवर विसंबून होती. सॅक्स, ग्रिफिन रोज बॉल उचलत होते म्हणून तर शून्य टिकलं.

२८ सप्टेंबरला सॅन डिएगोत त्याने १० इनिंग शून्यावर टाकल्या आणि ड्रायस्डेलच्या ५८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगच्या पुढे जाऊन ५९ चा रेकॉर्ड केला. हिशोब सोपा आहे, ३० ऑगस्टच्या मॅचमधल्या शेवटच्या ४, पाच शटआऊटच्या ४५ आणि या १०. पण त्या दिवशी समोरचा पिचर अँडी हॉकिन्सनेही १० इनिंग शून्यच ठेवला, मॅच १६ इनिंग चालली आणि डॉजर्स २-१ ने हरले. त्यामुळे लागोपाठ सहा शटआऊटचा ड्रायस्डेलचा आकडा मात्र हर्शायझरला गाठता आला नाही.